लेआउट हिरवं झालं, मग पाखरं का गेली?

प्रश्न थोडक्यात असा: लातूरच्या बाहेर वीस एकर मुरमाड माळावर सात वर्षांपूर्वी प्लॉटिंग झालं. त्याआधी तिथं सकाळी चंडोल, मुनिया, चिरक, वटवट्या यांचे आवाज असायचे. नाल्यालगतच्या विहिरीवर बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले असायचे. आता रस्ते झाले, घरं झाली, रस्त्याच्या कडेला पाम आणि रेन ट्री लागले, लॉनही झाली. दिसतात मात्र साळुंक्या, पारवे आणि कावळे. "आम्ही तर झाडं वाढवली, मग पाखरं कमी का? आणि उरलेल्या दोन एकर ओपन स्पेसवर बाग करायची आहे, ती कशी करावी?"

तुमच्याकडे झाडं कमी झालेली नाहीत, उलट वाढली. कमी झालं ते गवत, काटेरी झुडूप आणि त्यांच्यावरच्या अळ्या. मराठवाड्यातले बहुतेक लहान गाणारे पक्षी जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतच्या थरात राहतात. डोंबारी चंडोल उघड्या जमिनीवर, गवताच्या ठोंबाशी किंवा ढेकळाच्या आडोशाला घरटं करतो आणि कडेला बारीक खडे मांडतो. वटवट्या गवतात आणि बुटक्या झुडपात घरटं विणतो. शिंपी रुंद पानं शिवतो, बुलबुल झुडपाच्या बेचक्यात वाटी बांधतो, चिरक बांधाच्या दगडांत जागा शोधतो. लेआउट पडताना पहिल्याच आठवड्यात जेसीबी जो थर साफ करतो, तो नेमका हाच. त्यानंतर वर पंधरा फुटांवर हिरवा शेंडा आणि खाली कापलेली लॉन एवढंच उरतं. मधला मजला रिकामा.

दुसरी गोष्ट अन्नाची. चिमणी, सुगरण हे दाणे खाणारे पक्षी म्हणून आपण ओळखतो, पण त्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस अळ्या, नाकतोडे, कोळी यांवरच वाढतात. मध खाणारा सूर्यपक्षीसुद्धा पिल्लांना कीटक भरवतो. किती लागतात याचा अंदाज अमेरिकेतल्या मोजणीवरून येतो: चिकडी नावाच्या जेमतेम दहा-अकरा ग्रॅमच्या पक्ष्याला एक वीण वाढवायला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. वॉशिंग्टनच्या परिसरातल्या घरगुती बागांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की बागेतल्या एकूण झाडोऱ्यात परदेशी झाडांचा वाटा तीस टक्क्यांच्या वर गेला की या पक्ष्याची संख्या टिकत नाही. आकडे तिथले आहेत, आपली झाडं आणि पाखरं वेगळी आहेत. तरी अळी कुठून येणार, हा प्रश्न लातूरलाही तोच आहे.

नर्सरीवाला रोप विकताना "याला कीड लागत नाही" असं कौतुकानं सांगतो. रॉयल पाम, बॉटल पाम, कोनोकार्पस, ड्युरांटाचं कुंपण, फायकसचे कापलेले गोळे यांची ही खासियतच आहे. पक्ष्याच्या बाजूनं पाहिलं तर हे दिसायला सुंदर, पण रिकामं ताट. उलट बहाव्यावर पावसाळ्यात हिरव्या अळ्या पडतात, फांद्या जवळजवळ बोडक्या होतात आणि सोसायटीत गडबड उडते. लगेच सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक मारलं जातं. गरज नसते. पाणी असेल तर झाड थोड्याच दिवसांत पुन्हा पालवतं आणि त्या अळ्यांवर वटवट्या, शिंपी, साळुंकी यांची पिल्लं वाढतात. लिंबू, कढीपत्ता, करंज, बोर, बाभूळ, भोकर यांचंही तसंच. एक अपवाद लक्षात ठेवा: रुईवरच्या पट्टेदार अळ्या विषारी असतात, बहुतेक पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत. फुलपाखरांसाठी रुई जरूर ठेवा, पक्ष्यांच्या हिशेबात मात्र ती धरू नका.

कोकीळ ऐकू येतो म्हणजे सगळं ठीक आहे, असं बरेच जण समजतात. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल नेमकं उलट सांगतो. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या साठ टक्के जाती घटल्या आहेत. कोकीळ, मोर, पारवा यांच्यासारखे माणसाशी जमवून घेणारे वाढले आहेत. मोकळ्या माळाचे आणि कीटकांवर जगणारे पक्षी घसरणीत पुढे आहेत. कोकिळेला अंडी घालायला कावळ्याचं घरटं लागतं, कावळ्याला कचरा लागतो, आणि नव्या वसाहतीत कचऱ्याची वाण नाही. कावळा शेजारच्या बुलबुलाची अंडीही उचलतो, तो हिशेब वेगळाच. अमेरिका आणि कॅनडाची स्थितीही अशीच आहे: १९७० पासून तिथले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, आणि गवताळ प्रदेशातले निम्म्याहून जास्त गेले.

म्हणून दोन एकरांचा आराखडा काढण्याआधी तुमची जमीन मुळात काय होती ते ठरवा. सगळीकडे झाडं लावणं हा उपाय नाही. मुरमाड माळावर दाट झाडी लावली की चंडोल तिथून उठतोच, कारण त्याला चहूकडे दिसणारी उघडी जागा हवी. प्रत्येक उंच झाड म्हणजे त्याच्या दृष्टीनं शिकऱ्याची आणि कावळ्याची बैठक. कागदावर माळाला 'पडीक' म्हणतात हेच मूळ दुखणं. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्यात ५० कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. अशा मोहिमांना जागा शोधताना पहिली नजर गायरानावर आणि टेकडीवर जाते, तिथं सलग चर खोदले जातात, खड्डे पडतात, आणि गवताची मुळं उलथली जातात. शहराजवळच्या माळांचा मुरूम रस्त्यांच्या भरावाला जातो, तो वेगळा.

स्पष्ट सांगायचं तर घरांनी वेढलेल्या दोन एकरांत चंडोल परत येणार नाही. त्याला सलग मोठा माळ हवा. तो वाचवायचा असेल तर गावाच्या गायरानासाठी ग्रामसभेत बोला: तिथं खड्डे नकोत, चराई आलटून पालटून हवी. दोन एकरांत वटवट्या, शिंपी, बुलबुल, सूर्यपक्षी, चिरक, दयाळ, मुनिया, सातभाई एवढे नक्की बसवता येतात. हेही थोडं नाही.

आता जागेची वाटणी. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. मुलांच्या खेळासाठी आणि पायवाटेसाठी पंधरा गुंठे कापलेली हरळी पुरते; मेक्सिकन लॉन नको, तिला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं आणि पाण्याचा टँकर लातूरकरांना नव्यानं समजावून सांगायला नको. चाळीस गुंठे न कापलेलं गवत. तीन बाजूंच्या कुंपणाला लागून चार मीटर रुंदीची झुडपांची पट्टी आणि आत दोन-तीन बेटं, मिळून पंधरा गुंठे. नाल्याकडच्या बाजूला दहा गुंठे झाडं.

गवताची जागा बिघडते ती पहिल्या दिवशी, लेव्हलिंगच्या वेळी. माळावर मातीचा थर अनेकदा वीतभरही नसतो आणि तिथल्या गवताचं सगळं बियाणं त्या वरच्या चार बोटांत असतं. जेसीबी तो थर खरवडून खड्ड्यात लोटतो, वर तलावातला गाळ किंवा काळी माती अंथरली जाते, आणि त्या मातीबरोबर गाजरगवत येतं. पवना, मारवेल, कुसळी ही गवतं हलक्या जमिनीतच टिकतात. सुपीक माती आणि रोजचं पाणी मिळालं की तण त्यांना मागे टाकतं. म्हणून चाळीस गुंठ्यांवर भर टाकूच नका, खत देऊ नका, पाणी देऊ नका. खरवडून झालंच असेल तर जवळच्या गायरानातून परवानगीनं नोव्हेंबरात बिया धरलेलं गवत कापून घ्या, कोरडं साठवा आणि जूनमध्ये पहिल्या पावसाच्या तोंडावर विरळ पसरा. खालची जमीन मधूनमधून दिसली पाहिजे. जाड थर दिला तर खाली काही उगवत नाही. पहिल्या वर्षी गाजरगवत येणारच. जुलैत आणि पुन्हा ऑगस्टअखेर, फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा. तणनाशक मारलं तर गवताचं रोपही जातं आणि जागा पुन्हा गाजरगवतालाच मोकळी होते.

कापणीचं वेळापत्रक हे या बागेचं निम्मं काम आहे. वाटेच्या आणि घरांच्या कडेची पट्टी सोडली तर जून ते ऑक्टोबर कटर पूर्ण बंद. वटवट्या आणि मुनिया यांचा विणीचा काळ तो. बी पडून गेल्यावर, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, निम्मंच कापा, जमिनीपासून चार ते सहा इंच ठेवून. उरलेलं निम्मं पुढच्या वर्षी. फेब्रुवारीनंतर हात लावू नका, चिरक आणि बुलबुल तोवर कामाला लागलेले असतात. वाळलेल्या गवताला आगीची भीती असते, म्हणून कडेनं तीन मीटरची जाळपट्टी जानेवारीतच काढून घ्या. पट्टी जाळून नव्हे, कापून.

"गवत ठेवलं तर साप येतील" हा आक्षेप सोसायटीच्या पहिल्याच बैठकीत येतो. साप उंदरामागे येतो आणि उंदीर उघड्या कचऱ्यामागे. कचरा झाका, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोन मीटर आणि घरांच्या बाजूनं पाच मीटर गवत बारीक कापलेलं ठेवा, संध्याकाळनंतर वाटेवर उजेड असू द्या. एवढ्यावर बहुतेक लोक तयार होतात. डास गवतात पैदा होत नाहीत, साचलेल्या पाण्यात होतात. कुंडीखालच्या ताटल्या आधी तपासा.

झुडपांच्या पट्टीत दीड-दीड मीटरवर, तिरक्या ओळींत लावणी करा. पंधरा गुंठ्यांना साधारण साडेसहाशे रोपं लागतात. बोर, करवंद, हेंकळ, पांढरफळी, तरवड, निर्गुडी, अडुळसा, मेहंदी, सागरगोटा अशी सरमिसळ हवी. एकाच जातीची रांग लावली तर फळ आणि फूल एकदमच येतं आणि एकदमच संपतं. कुंपणाची कात्री या पट्टीला वर्ज्य. दर पंधरा दिवसांनी कापलेल्या मेहंदीला ना फूल येतं ना आत घरट्याइतकी बेचकी राहते. वाढ फारच रस्त्यावर आली तर नोव्हेंबर-डिसेंबरात एकदा आवरा.

जागेवर आधीच घाणेरी किंवा वेडी बाभूळ असेल तर काय? दोन्ही बाहेरून आलेली, पसरणारी, काढायलाच हवीत. पण आज बुलबुल घाणेरीचीच फळं खातो आणि तिच्यातच घरटं करतो. एका दिवसात सगळी उपटली तर त्या हंगामाची पिल्लं गेली. शेजारी देशी झुडपं लावून घ्या आणि दरवर्षी एक तृतीयांश याप्रमाणे तीन हिवाळ्यांत काढा.

नाल्याकडच्या दहा गुंठ्यांत गावठी बाभूळ, हिवर, करंज, उंबर, भोकर, पळस, पांगारा, बहावा, चिंच. सगळं मिळून पंचवीस झाडं पुष्कळ झाली, सहा ते सात मीटर अंतरानं. वड-पिंपळ हवाच असेल तर एकच, आणि भिंतीपासून पंधरा मीटर लांब. मुरमात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यात काढून उन्हात तापू द्यावा, चांगला पाऊस होऊन ओल खोल गेली की रोप लावावं. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पंधरा-वीस लिटर पाणी, बुंध्याशी वाळक्या पाल्याचा थर. पेव्हर ब्लॉक बुंध्यापासून निदान एक मीटर लांब राहू द्या. पळस आणि पांगारा पानझडीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. त्या कोरड्या दिवसांत सूर्यपक्षी, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल सगळ्यांची पंगत तिथंच असते. उंबर वर्षात अनेकदा फळतो. कडुनिंब लावू नका असं नाही, जूनच्या सुमाराला लिंबोळ्यांवर पक्षी येतात. पण पानावर जगणाऱ्या अळ्या त्याला कमी, त्यामुळे फक्त कडुनिंबाची रांग अपुरी पडते.

पालापाचोळा पेटवू नका. दयाळ आणि सातभाई त्याच पाचोळ्यात पानं उलटून किडे शोधतात. पट्टीच्या आत ढकलून द्या, झालं.

सुगरणीबद्दल वेगळं विचारलंय. लातूर भागात उसाची कमतरता नाही, म्हणजे खोप्यासाठी पानांच्या लांब पट्ट्या आजही मिळतात. गेली ती पाण्यावर वाकलेली काटेरी बाभूळ आणि शिंदी. विहीर बुजवली, बाभूळ तोडली, की वसाहत उठते. विहीर बुजवू नका. लोखंडी जाळी टाकून सुरक्षित करा आणि कडेला दोन-तीन गावठी बाभळी अशा लावा की फांद्या विहिरीवर येतील. सात-आठ वर्षं लागतील. तोवर नाल्याकाठच्या उभ्या बाभळीवर ऑगस्टमध्ये कुऱ्हाड पडू देऊ नका. खोपा दिवाणखान्यात टांगायला काढून आणणंही थांबवा; रिकामा वाटणारा खोपा रिकामाच असतो असं नाही.

चिमणीचं कारण अर्धं बांधकामात आहे. जुन्या माळवदाच्या घरात तुळई आणि कडीपाटाच्या फटी, भिंतीतल्या देवळ्या, ओसरीवर टांगलेली कणसांची जुडी, परसात खळं: राहायला आणि खायला एकाच जागी. स्लॅबच्या घरात फट उरत नाही. घरट्यासाठी पेटी लावायची तर लाकडाचीच, आतून रंग-वॉर्निश न लावलेली. तळ पंधरा बाय पंधरा सेंटिमीटर, भोक ३२ मिलिमीटरचं आणि तळापासून पंधरा सेंटिमीटर वर. भोक मोठं झालं की साळुंकी ताबा घेते. तळाला पाणी निघायला चार बारीक छिद्रं. बाहेर बसायची दांडी नको, ती शत्रूच्या सोयीची. पेटी तीन मीटर उंचीवर, छज्जाखाली, उत्तर किंवा पूर्वेला. पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात भट्टी होते आणि पिल्लं आत मरतात. पेटी लागली, जोडी आली, अंडी फुटली आणि पिल्लं मेली, असं वारंवार होत असेल तर दोष बहुधा पेटीत नसून आसपास अळ्या नसण्यात आहे. भात आणि फरसाण टाकून तो भरून निघत नाही.

राहिलेल्या अडचणी झटपट. मोठ्या काचेत आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि पक्षी भरवेगात आदळतो. एखादा घारीचा स्टिकर काही कामाचा नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूला पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके लागतात. चिरक किंवा धोबी पक्षी आरशावर चोची मारतो ते निराळं, तो प्रतिबिंबाशी भांडत असतो, विणीपुरता आरसा फडक्यानं झाका. बागेतले दिवे पिवळसर, खाली तोंड केलेले आणि रात्री दहानंतर बंद. पांढऱ्या एलईडीभोवती रात्रभर फिरून पतंग मेले तर त्यांच्या अळ्या पुढच्या महिन्यात येणार कुठून? मांजरांना बागेत खाऊ घालू नका. अमेरिकेत मांजरं वर्षाला किमान १३० कोटी पक्षी मारतात, असा २०१३ चा अंदाज आहे. पाण्याचं भांडं उथळ, दोन ते पाच सेंटिमीटर खोल, खरबरीत मातीचं, झुडपापासून दोन-तीन मीटर दूर, म्हणजे मांजर दबा धरू शकत नाही. पाणी रोज बदला, भांडं दोन-तीन दिवसांनी घासा. शेजारी कुणाचं प्लास्टिक अस्तराचं शेततळं असेल तर चारही कोपऱ्यांत गाठी मारलेला काथ्याचा दोर किंवा पोत्यांची पट्टी काठापासून तळापर्यंत सोडायला सांगा. त्या गुळगुळीत कागदावरून घसरलेल्या पाखराला वर यायला दुसरं काही नसतं.

बागेचं काम ठेकेदाराला देणार असाल तर यातलं तोंडी काही ठेवू नका. वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या: गवताच्या चाळीस गुंठ्यांवर माती भरायची नाही, साफसफाई फक्त नोव्हेंबर ते जानेवारीत, रोपांची यादी जातीनिशी, ठेकेदारानं परस्पर ड्युरांटा बदलून दिला तर बिल नाही, कीटकनाशक आणि तणनाशक लेखी परवानगीशिवाय नाही, जून ते ऑक्टोबर गवताला कटर नाही. आणि काम सुरू होण्याआधीच मोजणी चालू करा: महिन्यातून दोनदा, सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, ठरलेल्या दोन जागी पंधरा-पंधरा मिनिटं, दिसलेलं-ऐकलेलं सगळं वहीत. गवताचे पक्षी सर्वांत आधी येतात, बी धरलेल्या पहिल्याच हिवाळ्यात मुनियांचे थवे उतरायला हवेत. शिंपी आणि बुलबुलाची घरटी झुडूप कमरेएवढं झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. दोन हिवाळे गेले आणि मुनिया आल्याच नाहीत, तर माळ्याला विचारा, ऑक्टोबरात कटर कुणी फिरवला.